रंग धुताना पाणी कमी, पीळ जास्त

प्रश्न : आम्ही लातूर जिल्ह्यातील एका गावातल्या बचत गटाच्या महिला सुती ओढण्या, उपरणी आणि पंचे रंगवून विकतो. रंग ‘कोल्ड ब्रँड’ (थंड पाण्यात बसणारे) रिॲक्टिव्ह असतात, सोबत मीठ आणि धुण्याचा सोडा घालतो. एका वेळी पाच किलो कापड रंगवतो, मग ते नळीच्या वाहत्या पाण्याखाली धरतो आणि पुढे टबात आठ-दहा पाण्यांतून काढतो. रंग पक्का व्हावा म्हणून शेवटच्या पाण्यात मूठभर मीठ, थोडे व्हिनेगर आणि तुरटी टाकतो. पाणी स्वच्छ दिसू लागते, तरीही लाल ओढणीचा रंग पांढऱ्या कपड्यांना लागल्याच्या तक्रारी येतात आणि काही ओढण्या परतही आल्या आहेत. उन्हाळ्यात बोअर आटले की टँकर मागवावा लागतो. पाणी कमी कसे लागेल? फिक्सर वापरावा का? धुण्याचे पाणी पुन्हा वापरता येईल का, की परसबागेला द्यावे? कापडाला मऊपणा आणि खळ कशी द्यावी?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या जिल्ह्यात आपण हा व्यवसाय करीत आहात, त्यामुळे पाण्याचा प्रश्न आपल्यासाठी किती खरा आहे, हे मी समजू शकते. आपल्या पत्रातील दोन अडचणी, म्हणजे पाणी फार लागणे आणि तरीही रंग सुटणे, वेगवेगळ्या वाटत असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. आपण पाणी जिथे हवे तिथे न वापरता जिथे त्याचा उपयोग कमी तिथे जास्त वापरता. धुण्याचा क्रम बदलला आणि प्रत्येक पाण्यानंतर कापड नीट पिळले, तर निम्म्याहून कमी पाण्यात आजच्यापेक्षा पक्का रंग मिळेल.

आधी रंग का सुटतो ते पाहू. रिॲक्टिव्ह रंग १९५६ साली प्रथम बाजारात आले. सोडा घातल्यावर हे रंग सुताशी रासायनिक बंध जोडतात आणि तो बंध जुळला की साध्या धुण्याने तुटत नाही, हे त्यांचे वैशिष्ट्य. मात्र रंगाचा काही भाग सुताऐवजी पाण्याशीच संयोग पावतो आणि कायमचा निकामी होतो. दर १०० ग्रॅम रंगातले साधारण २० ते ४० ग्रॅम असे वाया जातात. हा निकामी रंग धाग्याच्या आत अडकून बसलेला असतो, त्याला कोणताही बंध नसतो आणि पुढे पांढऱ्या कपड्यांना लागतो तो हाच. त्यामुळे रंगवल्यानंतरच्या धुलाईचे काम रंग ‘पक्का करणे’ हे नसून निकामी रंग धाग्यातून बाहेर काढणे हे आहे.

आता आपल्या शेवटच्या पाण्यातले मीठ पाहा. रंगवताना आपण मीठ घालतो, कारण मिठामुळे रंग पाणी सोडून सुताकडे जातो. धुण्याच्या पाण्यातही मीठ नेमके तेच करते, म्हणजे निघू पाहणारा निकामी रंग पुन्हा कापडाकडे लोटते. आपल्याला पाणी स्वच्छ दिसते, पण रंग कापडातच राहिलेला असतो. गिऱ्हाइकाच्या बादलीत मीठ नसते, साबण आणि कोमट पाणी असते, आणि तो रंग तिथे सुटतो. तक्रारींचे सर्वांत मोठे कारण मला हेच दिसते, म्हणून शेवटच्या पाण्यातले मीठ आजपासूनच बंद करावे. तुरटी ही मंजिष्ठा किंवा हळदीसारख्या नैसर्गिक रंगांना धरून ठेवण्यासाठी लागते, रिॲक्टिव्ह रंगाला तिचा उपयोग नाही. व्हिनेगरही रंग पक्का करीत नाही. उलट आम्ल कापडात राहून गेले, तर साठवणीच्या काळात कोल्ड ब्रँड रंगांचा धाग्याशी जुळलेला बंध हळूहळू कमकुवत होऊ शकतो. व्हिनेगरला एक जागा आहे, पण ती शेवटची नाही. ती पुढे सांगते.

पाण्याची बचत पिळण्यापासून सुरू होते आणि याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. पाच किलो सुती कापड रंगातून काढून नुसते निथळू दिले, तर त्यात साधारण बारा लिटर पाणी उरते. तेच कापड धुलाई यंत्राच्या ड्रायरमध्ये फिरवून काढले, तर सुमारे तीन लिटर उरते. रंगाच्या पाण्यात लिटरमागे ५० ग्रॅम मीठ असेल, तर निथळलेले कापड ६०० ग्रॅम मीठ घेऊन धुण्याच्या टबात उतरते आणि पिळलेले कापड केवळ १५० ग्रॅम. पुढच्या प्रत्येक पाण्याला हेच गणित लागू पडते. निथळलेले कापड ४० लिटर स्वच्छ पाण्यात घोळून पुन्हा नुसते निथळले, तर आतला मळ सव्वाचार पटींनी कमी होतो. पिळलेले कापड तितक्याच पाण्यात घोळून पुन्हा पिळले, तर चौदा पटींनी. म्हणजे न पिळता तीन पाणी केले, १२० लिटर खर्च झाले, तर मीठ आणि मोकळा रंग मूळच्या सुमारे ऐंशीव्या हिश्श्यावर येतो. पिळून दोनच पाणी केले, ८० लिटर खर्च झाले, तर तो दोनशेव्या हिश्श्यावर जातो. जुन्या सेमी-ऑटोमॅटिक यंत्राचा ड्रायर चालू स्थितीत स्वस्तात मिळतो, तो केवळ रंगकामासाठी राखून ठेवावा. गटाने कोणत्या एका वस्तूवर पैसे खर्च करावेत असे विचाराल, तर मी हीच सांगेन. तो मिळेपर्यंत दोघींनी दोन टोके धरून दिलेला पीळही निथळण्यापेक्षा कितीतरी चांगला.

नळीखाली धुणे मात्र पूर्ण बंद करावे. वाहते पाणी कापडाच्या वरून निघून जाते आणि आतल्या रंगाला बाहेर यायला वेळ मिळत नाही. आपली बादली त्या नळीने किती सेकंदांत भरते, ते एकदा घड्याळ लावून पाहावे. दहा मिनिटांच्या नळीत किती पाणी जाते, ते समजल्यावर गटातील कोणालाही वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

आता क्रम सांगते. रंगवून झालेले कापड रंगाच्या भांड्यावरच पिळून घ्यावे. पहिली दोन पाणी थंड असावीत, प्रत्येकी ४० लिटर, आणि प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटे काठीने हलवून मगच कापड पिळावे. या दोन पाण्यांचे काम मीठ आणि सोडा काढणे एवढेच आहे. ते निघण्यापूर्वी गरम पाण्यात कापड घालणे म्हणजे दार बंद करून केर काढण्यासारखे आहे, कारण मीठ असेपर्यंत रंग धागा सोडत नाही. शिवाय सोडा शिल्लक असताना पाणी तापवले, तर अजून न जुळलेला रंग बांधणीच्या किंवा छपाईच्या पांढऱ्या जागी जाऊन कायमचा बसू शकतो. व्हिनेगरची जागा आहे ती या दुसऱ्या थंड पाण्यात, तेही अगदी थोडे, उरलेला सोडा मारण्यापुरते. ते किती पुरे झाले, हे पाहण्यासाठी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली टीपकागदाची पट्टी पिळलेल्या कापडावर दाबावी. ती लालसर झाली तर सोडा शिल्लक आहे, पिवळी राहिली तर पुढे जावे. आपल्या बोअरच्या पाण्यानेच पट्टी थोडी लालसर होत असेल, तर आधी साध्या पाण्यात एक पट्टी बुडवून तिच्याशी रंग ताडून पाहावा.

तिसरे पाणी कडक गरम हवे आणि खरी धुलाई इथे होते. निकामी रंग धाग्याच्या आतून बाहेर येण्यासाठी पाण्याचे प्रमाण फारसे महत्त्वाचे नसते. उष्णता आणि वेळ लागतो. थंड पाण्याची आठ पाणी जे करीत नाहीत, ते उकळीच्या जवळ आलेले एक पाणी करते. तापमान ९० अंशांच्या आसपास असावे, कापड पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवावे आणि अधूनमधून हलवावे. यात लिटरमागे एक ग्रॅम सौम्य द्रव डिटर्जंट पुरेसा आहे. जास्त फेस म्हणजे जास्त रंग निघतो असे नाही. उलट तो फेस काढायला पुढे एक पाणी वाढते. कपडे धुण्याची साबणाची वडी तर नकोच, कारण बोअरच्या जड पाण्यात तिचा चिकट साका कापडावर बसतो. कापड त्याच पाण्यात रात्रभर थंड होऊ देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, पण गडद रंगांसाठी ती मला पसंत नाही, कारण पाणी निवत जाते तसा निघालेला रंग काही प्रमाणात परत कापडावर येतो. ते गरम असतानाच चिमट्याने काढून ड्रायरमध्ये घालावे. हातांनी पिळायचे असेल तर जाड रबरी हातमोजे घालावेत आणि घाई करू नये.

चौथे पाणी पुन्हा गरम, या वेळी डिटर्जंटशिवाय, साठ-सत्तर अंशांचे. त्यानंतर एक थंड पाणी आणि धुलाई संपली. गडद लाल, काळा आणि विशेषतः फिरोजी असेल तर दुसरे गरम पाणीही उकळीच्या जवळ न्यावे. फिरोजी रंगाचा रेणू मोठा असतो, तो धाग्यातून हळू बाहेर येतो आणि त्याला उष्णता अधिक लागते. इंधनाचा खर्च मनात येणे साहजिक आहे, पण लातूरच्या उन्हात सौर बंबातून साठ अंशांचे पाणी सहज मिळते, चुलीवर किंवा गॅसवर फक्त वरचे तीस अंश चढवायचे राहतात, आणि टँकरच्या पाण्याचा भाव विचारात घेतला तर हा खर्च मला योग्य वाटतो.

पाण्याच्या जडपणाबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण आपल्या भागातील बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि पत्रात त्याचा उल्लेख नाही. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रंगाला धरून बसतात, सोड्याबरोबर कापडावर चुन्याचा बारीक पांढरा थर तयार करतात, आणि मग कापड खरखरीत लागते व रंग निस्तेज दिसतो. रंगकामाचे सामान विकणाऱ्या दुकानात सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट मिळते. रंगाच्या पाण्यात आणि गरम धुलाईच्या पाण्यात ते लिटरमागे एक-दोन ग्रॅम घातले की हा त्रास बराच कमी होतो. त्याहून चांगला उपाय छपरावरच्या पावसाच्या पाण्याचा आहे. ते मऊ असते आणि पावसाळ्यात एक-दोन टाक्या भरून झाकून ठेवता आल्या, तर ते पाणी सगळीकडे न वापरता केवळ रंग कालवण्यासाठी आणि डिटर्जंटच्या गरम पाण्यासाठी राखून ठेवावे. पहिली दोन थंड पाणी बोअरची चालतात.

धुलाई पुरी झाली की नाही, हे टबातल्या थंड पाण्याच्या रंगावरून ठरवू नये. काचेच्या पेल्यात कडक गरम पाणी घेऊन त्यात कापडाचे टोक दहा मिनिटे बुडवावे आणि पेला पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावा. त्याहून कठोर परीक्षा म्हणजे ओल्या ओढणीवर ओले पांढरे सुती कापड ठेवून त्यावरून कडक इस्त्री फिरवणे. पांढऱ्यावर डाग उमटला, तर आणखी एक गरम पाणी द्यावे. थंड पाणी वाढवून उपयोग नाही. प्रत्येक घाण्यातल्या, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या कापडातल्या, एका ओढणीची अशी परीक्षा घेऊनच माल बांधावा.

पाणी पुन्हा वापरण्याबद्दल आपण विचारले आहे. ते अवश्य करावे, पण त्याला क्रम हवा. दिवसाचे काम फिक्या रंगाने सुरू करावे आणि गडदाकडे जावे, म्हणजे पिवळा, मग केशरी, मग लाल, मग तपकिरी किंवा काळा. पिवळ्या घाण्याचे दुसरे थंड पाणी केशरी घाण्याचे पहिले पाणी होते. पिवळ्याचे शेवटचे थंड पाणी केशरीचे दुसरे होते. पिवळ्याचे बिनडिटर्जंटचे गरम पाणी, जे अजून कोमट असते, त्यातच डिटर्जंट घालून पुन्हा तापवले की केशरीचे तिसरे पाणी तयार. अशा रीतीने दुसऱ्या घाण्यापासून नवे पाणी फक्त चौथ्या आणि पाचव्या वेळी लागते, म्हणजे पाच किलो कापडाला ८० लिटर. त्यासाठी झाकणाची तीन पिंपे आणि त्यांवर ठळक अक्षरे पुरेत. निळा आणि हिरवा यांची साखळी वेगळी ठेवावी, लाल घाण्याचे पाणी त्यांना लावू नये. डिटर्जंटचे पाणी आणि पहिले थंड पाणी मात्र पुन्हा वापरण्यालायक नसते, आणि कोणतेही पाणी दुसऱ्या दिवसावर ठेवू नये, कारण उन्हाळ्यात त्याला लगेच वास येतो.

परसबागेच्या बाबतीत मला स्पष्ट नकार द्यावा लागेल. रंगाच्या आणि पहिल्या दोन धुण्यांच्या पाण्यात मीठ आणि सोडा असतो, आणि त्यातील सोडियम आपल्याकडच्या काळ्या जमिनीला विशेष मारक आहे. मातीचे कण सुटे होतात, जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही आणि मग ती लवकर सुधारत नाही. तमिळनाडूत तिरुपूरच्या रंगकारखान्यांच्या पाण्याने नोय्यल नदी आणि तिच्या काठची शेती नासली, आणि अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. तिथेही रंगाइतकाच मिठाचा प्रश्न मोठा होता, कारण रंग प्रक्रिया करून बराच काढता येतो, पण विरघळलेले मीठ तसे सहज निघत नाही. आपले काम लहान आहे हे खरे, पण आपली जमीन आणि विहीरही जवळच आहे. शेवटचे थंड पाणी अंगण, फरशी किंवा शौचालयासाठी वापरावे. बाकीच्या सांडपाण्याची व्यवस्था आणि त्यासाठी लागणारे संमतीपत्र याविषयी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या भागातील कार्यालयात गटाच्या वतीने लेखी विचारणा करावी, कारण कापड रंगवणे हा सांडपाणी निर्माण करणारा उद्योग मानला जातो.

म्हणूनच मीठ मुळातच कमी वापरणे महत्त्वाचे आहे, आणि त्याने धुण्याचे पाणीही वाचते. पाच किलो कापड १०० लिटर पाण्यात रंगवले, तर लिटरमागे ५० ग्रॅमच्या हिशेबाने पाच किलो मीठ लागते. तेच ५० लिटरमध्ये, सतत हलवत रंगवले तर अडीच किलो. एकसारखा सपाट रंग अगदी आवश्यक नसेल, तर कापड आधी सोड्याच्या पाण्यात भिजवून पिळावे, दाट कालवलेला रंग त्यात चोळून मुरवावा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवावे; या पद्धतीत मीठ घालावेच लागत नाही. रंगही वजन करून घ्यावा. कापडाच्या वजनाच्या दोन टक्के रंगाने मध्यम छटा येते, चार टक्क्यांनी गडद. काळ्याला त्याहून अधिक लागतो, पण लालमध्ये अंदाजाने टाकलेला जादा रंग सुताला बसत नाही, तो धुऊन काढण्यासाठी पाणी मात्र खातो.

फिक्सरचा वापर अपवादानेच करावा. तो निकामी रंगाला धाग्यावर डांबून ठेवतो. गरम धुलाई पूर्ण झालेल्या अतिगडद कापडावर शेवटचा आधार म्हणून तो चालतो, पण धुलाईऐवजी वापरला तर रंग पृष्ठभागावर राहून घासला की लागतो, छटा बदलते आणि उन्हात रंग लवकर उडू शकतो. घ्यायचाच असेल तर फॉर्माल्डिहाइड नसलेला मागून घ्यावा, आणि लहान मुलांच्या कपड्यांना लावूच नये.

मऊपणा आणि खळ देताना पाणी वाचवणे सोपे आहे. कापड पिळलेले असावे आणि द्रावण कापड जेमतेम बुडेल एवढेच घ्यावे. सॉफ्टनर कोरड्या वजनाच्या दोन-तीन टक्के पुरे. डिटर्जंट कापडात राहिला असेल तर काही सॉफ्टनर त्याच्याशी फाटतात आणि ठिपके पडतात, म्हणून शेवटचे थंड पाणी टाळू नये. उरलेल्या द्रावणात थोडी भर घालून पुढचा घाणा काढता येतो, तिथेही फिक्याकडून गडदाकडे. पंच्यांना सॉफ्टनर देऊच नये, कारण त्याने पंचा पाणी टिपत नाही, आणि पंच्याचे काम तर तेच आहे. ओढण्यांना साबुदाण्याची किंवा मैद्याची पातळ कांजी फडक्यातून गाळून द्यावी. ती त्याच दिवशी संपवावी, कारण आंबलेल्या कांजीचा वास इस्त्रीनंतरही कापडात राहतो. वाळवणे सावलीत, घडी न घालता, एकपदरी. अर्धवट धुतलेले कापड वाळताना उरलेला रंग पाण्याबरोबर कडांकडे आणि घड्यांकडे सरकतो आणि तिथे गडद रेघा उमटतात. अशा रेघा दिसल्या तर दोष दोरीचा समजू नये, धुलाईकडे वळावे. किंचित दमट असतानाच इस्त्री केली तर खळ सारखी बसते.

परत आलेल्या ओढण्या टाकू नयेत. फिक्सर लावलेला नसेल, तर त्या मऊ थंड पाण्यातून एकदा काढून, पिळून, वर सांगितल्याप्रमाणे दोन गरम पाण्यांतून काढाव्यात आणि इस्त्रीची परीक्षा घ्यावी. मिठाने अडकवलेला रंग मीठ निघताच सुटू लागेल. ज्या गिऱ्हाइकांच्या पांढऱ्या कपड्यांना डाग पडले आहेत, त्यांनाही सांगावे की ते कपडे कडक गरम पाण्यात डिटर्जंट घालून तासभर भिजवावेत. निकामी रंगाचा सुताशी बंध नसल्यामुळे असे डाग बहुतेक वेळा निघतात, मात्र त्यावर आधी मीठ, लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नये.